फिक्स्ड-लिंक म्हणजे ड्रायव्हरला सुट्टी नव्हे

लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरांवर काम करणाऱ्यांमध्ये एक मत चांगलंच मुरलेलं आहे. बोर्डावर नेटवर्क कार्डाची चिप थेट स्विचच्या चिपला सोल्डर केलेली असेल, तर तिथे केबल नाही, ती उपटली जाण्याची भीती नाही आणि वेग ठरवण्याची बोलणीही नाहीत. मग ड्रायव्हरने एवढा जामानिमा कशासाठी करायचा? इंटरफेस उघडला की 'कॅरिअर आहे', म्हणजे लिंक चालू आहे, असं जाहीर करावं, मॅकमध्ये सर्वांत मोठा वेग भरावा आणि मोकळं व्हावं. कोडही कमी, चुकाही कमी.

हे मत मांडणाऱ्यांत अनुभवी माणसं आहेत आणि कमी कोड चांगला, हे त्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ड्रायव्हर लिहिणाऱ्याला नव्हे, तर बोर्ड वापरणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून हा प्रतिवाद. माझं म्हणणं थोडक्यात असं: फिक्स्ड-लिंक कोणीतरी स्पष्टपणे जाहीर केलेली असली पाहिजे, ड्रायव्हरने ती अंदाजाने ठरवता कामा नये. आणि एकदा जाहीर झाली की तिची माहिती इतर कुठल्याही लिंकच्याच वाटेने मॅकपर्यंत गेली पाहिजे.

आधी रचना समजून घेऊ. इथरनेटच्या जोडणीत दोन घटक असतात. फ्रेम तयार करणारा, पाठवणारा आणि स्वीकारणारा तो मॅक. तारेवरचे विद्युतसंकेत सांभाळणारा तो फाय. केबल लावली की दोन्ही टोकांचे फाय आपसात बोलणी करतात आणि वेग, ड्युप्लेक्स व पॉज फ्रेम यांवर एकमत करतात. मॅकला या बोलण्यांतलं काहीच कळत नाही. ड्रायव्हर एमडीआयओ नावाच्या दोन तारांच्या बसवरून फायचे रजिस्टर वाचतो आणि ठरलेल्या गोष्टी मॅकमध्ये भरतो. लिनक्समध्ये हे काम फायलिब नावाचा सामाईक कोड करतो.

आता फाय काढून टाका आणि मॅकच्या तारा थेट दुसऱ्या मॅकला जोडा. घरातल्या अनेक वायफाय राउटरांमध्ये हेच असतं. प्रोसेसरचा एक मॅक, त्याच्यासमोर पाच-सहा पोर्टांच्या स्विचचा एक मॅक आणि मध्ये तांब्याच्या काही सेंटिमीटर रेषा. वाहनांतल्या कंट्रोल युनिटमध्ये आणि कारखान्यांतल्या गेटवेमध्येही अशी जोडणी सर्रास असते. इथे विचारायचं म्हटलं तर उत्तर देणारा फायच नाही. म्हणून बोर्डाचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून ठेवावं लागतं की या लिंकचा वेग इतका, ती फुल ड्युप्लेक्स, पॉज आहे किंवा नाही. हीच फिक्स्ड-लिंक.

पहिला मुद्दा 'करण्यासारखं काही नाही' हा. बोलणी नाहीत, इतकंच खरं. बोलण्यांतून जे ठरलं असतं ते सगळं मॅकला कळायला हवंच. आरजीएमआयआय या मॅकला फाय किंवा दुसऱ्या मॅकशी जोडण्याच्या पद्धतीत १,००० मेगाबिटला घड्याळ १२५ मेगाहर्ट्‌झचं चालतं, १०० मेगाबिटला २५ मेगाहर्ट्‌झचं आणि १० मेगाबिटला २.५ मेगाहर्ट्‌झचं. समोरचा स्विच १०० मेगाबिटचा असेल आणि ड्रायव्हरने 'सर्वांत मोठा वेग' म्हणून १,००० भरले, तर एकही फ्रेम पलीकडे पोचणार नाही. हे निदान लगेच तरी लक्षात येतं.

ड्युप्लेक्स चुकलं तर त्रास जास्त वाईट. एका बाजूचा मॅक हाफ ड्युप्लेक्स समजून चालत असेल, तर आपण पाठवत असताना समोरून आलेली फ्रेम त्याला टक्कर वाटते. वाहतूक तुरळक असताना पिंग व्यवस्थित येतं, लॉगिन होतं, सगळं ठीक दिसतं. भार वाढला की फ्रेम गळू लागतात आणि वेग कोसळतो. बोर्ड चाचणीत पास होतो आणि ग्राहकाकडे गेल्यावर रडायला लागतो. पॉजचंही तसंच. स्विच 'थांब' म्हणून फ्रेम पाठवतो आहे आणि मॅक ती पाळत नाही, किंवा उलट. मग बफर भरून पॅकेट टाकली जातात आणि दोष मात्र अॅप्लिकेशनवर ढकलला जातो.

घड्याळाच्या विलंबाचा प्रश्न तर फिक्स्ड-लिंकमध्ये आणखी टोकदार होतो. आरजीएमआयआयमध्ये घड्याळाची कड डेटाच्या मधोमध यावी म्हणून ती सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोचवावी लागते. १२५ मेगाहर्ट्‌झला एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं, आणि डेटा दोन्ही कडांवर जात असल्यामुळे प्रत्येक वेळी हातात जेमतेम ४ नॅनोसेकंद राहतात. दोन्ही मॅकनी विलंब घातला तर कड ४ नॅनोसेकंद सरकते आणि नेमकी डेटा बदलण्याच्या क्षणावर जाऊन पडते. कोणीच घातला नाही तरी परिणाम तोच. फाय असतो तेव्हा हा विलंब सहसा त्याच्यावर सोपवता येतो. फायच नाही म्हटल्यावर दोन मॅकपैकी कोणी किती पिकोसेकंद घालायचे हे डिव्हाइस ट्रीतल्या वेगळ्या नोंदींत लिहावं लागतं आणि ड्रायव्हरने ते पाळावं लागतं. ज्याच्या मते फिक्स्ड-लिंकमध्ये काही करायचं नसतं, तो ड्रायव्हर या नोंदी वाचणारच नाही.

दुसरी गोष्ट कॅरिअरची. 'कॅरिअर आहे' हे वाक्य ड्रायव्हर स्वतःशी बोलत नाही. ते कर्नलच्या वरच्या थरांना दिलेलं वचन असतं. बाँडिंगमध्ये दोन इंटरफेसपैकी कोणता जिवंत आहे हे कॅरिअर पाहूनच ठरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ब्रिज आपले पोर्ट त्याच्याच आधारे चालू-बंद करतो. पाठवायची रांग अडकली आहे का, हे पाहणारा कर्नलचा वॉचडॉगसुद्धा कॅरिअर असेल तरच तक्रार करतो. समोरचा स्विच अजून रीसेटमध्ये आहे, मॅकचं घड्याळ अजून सुरू झालेलं नाही, आणि ड्रायव्हरने मात्र उघडताक्षणी कॅरिअर जाहीर केला, तर या सगळ्यांना खोटी माहिती मिळते. बाँड मेलेल्या लिंकवर पॅकेट ओतत राहतो. वॉचडॉग 'रांग अडकली' म्हणून ओरडतो आणि अभियंता डीएमएच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, जिथे ती नाहीच.

'पण लिंक तर कधी तुटतच नाही' असं यावर म्हटलं जातं. सोल्डर तुटत नाही हे खरं. मॅक मात्र थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. प्रशासक इंटरफेस बंद करतो. यंत्र झोपतं आणि जागं होतं, आणि झोपेत वीज गेलेली असेल तर मॅकचे रजिस्टर मूळ स्थितीत परततात. ज्या ड्रायव्हरने वेग आणि ड्युप्लेक्स फक्त सुरुवातीला एकदाच भरले, तो जागा झाल्यावर चुकीच्या वेगाने चालू लागतो. शिवाय स्थिर वेगाच्या लिंकलाही बदलती स्थिती असू शकते. डिव्हाइस ट्रीच्या फिक्स्ड-लिंक नोंदीत जीपीआयओ पिन देण्याची सोय याचसाठी आहे. लिंक चालू की बंद, हे त्या पिनवरून वाचता येतं. वेग आणि ड्युप्लेक्स ठरलेले असले तरी लिंक चालू आहे की नाही, हा प्रश्न उरतोच.

यापुढचं मत मला सर्वांत घातक वाटतं. एमडीआयओवर फाय सापडला नाही, तर ती फिक्स्ड-लिंक समजावी आणि १,००० मेगाबिट फुल ड्युप्लेक्स गृहीत धरावं, असं ते मत. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. पण एमडीआयओवर कोणी उत्तर दिलं नाही तर काय दिसतं? तार वर खेचलेली असल्यामुळे सगळे बिट १ वाचले जातात. फाय बसवलेलाच नसेल तरी हेच दिसतं. फाय आहे पण त्याची रीसेट पिन दाबलेली आहे, त्याचा क्रिस्टल चालत नाही, त्याचा पत्ता चुकीचा जोडला आहे, किंवा तो जळून गेला आहे, तरीही हेच दिसतं. या मौनातून इतक्या वेगवेगळ्या स्थितींपैकी एक निवडून ड्रायव्हरने ती सत्य म्हणून जाहीर करणं हा तर्कदोष आहे.

हे काल्पनिक नाही. मायक्रोचिपची लॅन ७८०१ ही यूएसबीवरून इथरनेट देणारी चिप. तिच्यात फाय नसतो, तो बाहेरून जोडावा लागतो. तिच्या ड्रायव्हरमध्ये २०१८ साली फाय न सापडल्यास १,००० मेगाबिट फुल ड्युप्लेक्सचा फिक्स्ड फाय नोंदवण्याची सोय आली, आणि त्याची सूचना डीबग पातळीच्या संदेशात ठेवली गेली. हेतू प्रामाणिक होता. चिप थेट स्विचला जोडलेल्या बोर्डावर नेटवर्क चालायला हवं होतं, आणि यूएसबी उपकरणाला बहुतेक ठिकाणी डिव्हाइस ट्रीचा आधार नसतो. पण ज्याच्या बोर्डावर फाय आहे आणि तो बिघडला आहे, त्याला काय दिसणार? इंटरफेसची स्थिती दाखवणारं ईथटूल सांगणार की लिंक आहे, १,००० मेगाबिट आहे, फुल ड्युप्लेक्स आहे. पॅकेट मात्र एकही जाणार नाही. आणि खरं कारण सांगणारा संदेश तेव्हा लॉगमध्ये एरवी दिसतच नव्हता.

अंदाजावर चालण्याची किंमत २०१५ मध्येही दिसली होती. मार्व्हेलच्या एमव्हीनेटा ड्रायव्हरमध्ये असा बदल झाला की मॅक जोडण्याची एसजीएमआयआय ही दुसरी पद्धत आणि फिक्स्ड-लिंक अशी जोडी दिसली, तर लिंकची स्थिती त्याच तारांवरून येणाऱ्या इन-बँड संकेतांतून घ्यायची. ज्याने हे लिहिलं त्याच्या बोर्डावर समोरची चिप ते संकेत पाठवत होती. दुसऱ्या बोर्डांवरची पाठवत नव्हती. त्या बोर्डांचं आधी चालणारं नेटवर्क बंद पडलं. उपाय म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये 'मॅनेज्ड' नावाची नवी नोंद आली: इन-बँड संकेत हवे असतील तर तसं स्पष्ट लिहा, लिहिलं नसेल तर ड्रायव्हर ते गृहीत धरणार नाही. यातला धडा सरळ आहे. बोर्डाबद्दलची जी गोष्ट ड्रायव्हर मोजू शकत नाही, ती त्याला सांगितली गेली पाहिजे.

आणखी एक आक्षेप अधिक अभ्यासू मंडळींचा. ते म्हणतात, फिक्स्ड-लिंकसाठी कर्नलमध्ये खोटा फाय केव्हाचा आहे. त्याने काम भागतंय, मग नवं कशाला? त्या खोट्या फायचा मान मी राखतो. माँटाव्हिस्टा कंपनीत काम करणाऱ्या व्हिताली बोर्दुग आणि अँतोन व्होरोन्त्सोव्ह यांनी २००६-०७ मध्ये तो लिहिला, तेव्हा ती फार हुशार युक्ती होती. एक काल्पनिक एमडीआयओ बस उभी करायची, तिच्यावर काल्पनिक फाय बसवायचा, आणि ड्रायव्हरने त्याला खऱ्या फायसारखंच विचारायचं. ड्रायव्हरमध्ये वेगळी वाट लागत नाही. म्हणजे 'एकच वाट' या माझ्या आग्रहाची सुरुवात त्यांनीच केली होती.

पण त्या युक्तीच्या मर्यादा पुढे उघड झाल्या. खोटा फाय हा इथरनेट मानकाच्या क्लॉज २२ मधल्या रजिस्टरांची नक्कल करतो, आणि त्या रजिस्टरांत १०, १०० आणि १,००० मेगाबिट एवढेच वेग मांडता येतात. आज मॅक ते मॅक जोडणी २.५ आणि १० गिगाबिटचीही असते. ती सांगायला या नकलेपाशी खरं उत्तर नाही. शिवाय हा फाय ड्रायव्हरने नोंदवायचा आणि ड्रायव्हरनेच परत काढायचा, असा व्यवहार होता. नोंदवायचं सगळ्यांना आठवलं, काढायचं अनेकजण विसरले. नोव्हेंबर २०१६ मध्ये योहान होवोल्ड यांनी तो काढण्यासाठी सामाईक फंक्शन दिलं आणि फ्रीस्केल, मार्व्हेल, ब्रॉडकॉम, रेनेसास अशा अनेकांच्या ड्रायव्हरांमधल्या त्याच त्या गळत्या एकामागून एक बुजवल्या. एकच चूक इतक्या जणांच्या हातून होत असेल, तर दोष एकेका माणसाचा नसतो, रचनेचा असतो.

रचना सुधारण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालंही. डिव्हाइस ट्रीमध्ये पूर्वी फिक्स्ड-लिंक पाच आकड्यांच्या ओळीत लिहायची पद्धत होती: फायचा क्रमांक, ड्युप्लेक्स, वेग, पॉज, असममित पॉज. कुठला आकडा कशाचा, हे पाठ असेल त्यालाच कळायचं, आणि त्यातला पहिला आकडा बोर्डावर नसलेल्या फायचा होता. २०१४ मध्ये थोमा पेताझोनी यांनी नावानिशी नोंदी असलेली नवी मांडणी आणली. २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत रसेल किंग यांचं फायलिंक आलं. फायलिंकमध्ये फिक्स्ड-लिंक हा एक रीतसर प्रकार आहे. नोंद थेट वाचली जाते, खोटा फाय उभा करावाच लागत नाही, आणि १,००० मेगाबिटची मर्यादाही उरत नाही. ड्रायव्हरला सांगितलं जातं: लिंक वर आली, वेग हा, ड्युप्लेक्स हे, पॉज असा. खऱ्या फायच्या लिंकलाही तेच फंक्शन, बाहेरून खोचायच्या एसएफपी मॉड्यूललाही तेच.

अंदाजाची सवय सुटायला मात्र वेळ लागला. कर्नलमध्ये स्विच सांभाळणाऱ्या डीएसए या भागात प्रोसेसरकडच्या पोर्टचं वर्णन लिहिलं नसलं तरी चालायचं. अनेक ड्रायव्हर तो पोर्ट जमेल तेवढ्या मोठ्या वेगाने सुरू करायचे. २०२२ मध्ये व्लादिमीर ओल्तेआन यांनी हे वर्णन सक्तीचं केलं. जुन्या बोर्डांचं नेटवर्क बंद पडू नये म्हणून ठरावीक ड्रायव्हरांच्या यादीला सूट दिली, बाकीच्यांसाठी वर्णन नसेल तर नोंदणीच नाकारली. जुन्या वापरकर्त्यांना सांभाळून घ्यायचं, पण नव्यांना अंदाजाचा आधार द्यायचा नाही, हे धोरण मला आदर्श वाटतं.

शेवटचा आक्षेप फायलिंकच्या वजनाचा. 'माझा ड्रायव्हर लहान आहे, एकाच बोर्डासाठी आहे, त्याला एवढं ओझं कशाला?' हे ओझं नेमकं किती, ते पाहा. मॅकची मांडणी करणारं एक फंक्शन, लिंक वर आल्यावर चालणारं एक, खाली गेल्यावर चालणारं एक, आणि मॅकला काय झेपतं याची यादी. वेग ठरवणारा, ईथटूलला उत्तर देणारा, कॅरिअर जाहीर करणारा, झोपेतून उठल्यावर लिंक पुन्हा उभी करणारा कोड ड्रायव्हरने लिहायचाच नाही. लॅन ७८०१ सांभाळणारा ड्रायव्हरही २०२५ मध्ये फायलिंकवर आला. त्याच सुमारास फायलिंकमध्ये डिव्हाइस ट्रीशिवाय, कोडमधून फिक्स्ड-लिंक जाहीर करण्याची सोय झाली. त्यामुळे 'यूएसबीला डिव्हाइस ट्री नाही' ही सबबही आता चालणार नाही. कमी कोड हवा असणाऱ्यांनी खरं तर फायलिंकच मागायला हवं.

'एकाच बोर्डासाठी' हे तर कधीच टिकत नाही. आजच्या बोर्डावर १०० मेगाबिटचा स्विच असतो, पुढच्या आवृत्तीत गिगाबिटचा येतो, त्यापुढच्या वेळी खर्च वाचवायला वेगळ्या कंपनीचा. चिप तीच, ड्रायव्हर तोच, बोर्ड मात्र बदलत जातात. बोर्डाबद्दलची माहिती ड्रायव्हरमध्ये कोंबली की प्रत्येक नव्या बोर्डासाठी ड्रायव्हर फोडावा लागतो, आणि त्या फोडाफोडीतून निघालेले पॅच कंपनीच्या कपाटातच राहतात. मुख्य कर्नलमध्ये ते कधी जात नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी नवं कर्नल घ्यायची वेळ आली की तेच पॅच पायात अडकतात.

पुण्यात आणि बंगळुरूत असंख्य मराठी अभियंते वाहनांसाठी, मीटरांसाठी, कारखान्यांसाठी अशा बोर्डांवर सॉफ्टवेअर चढवण्याचं काम करतात. डेमोच्या आदल्या रात्री नेटवर्क चालत नाही तेव्हा कॅरिअरची एक ओळ घालून मोकळं व्हायचा मोह कसा होतो, हे त्यांना सांगायला नको. माझी त्यांना आणि त्यांचे पॅच तपासणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. नव्या ड्रायव्हरमध्ये उघडताक्षणी आंधळेपणाने कॅरिअर जाहीर करणारी ओळ दिसली, तर ती परत पाठवा. फाय सापडला नाही म्हणून फिक्स्ड-लिंक गृहीत धरणारा कोड दिसला, तर विचारा की हे बोर्डाने कुठे सांगितलं आहे. नसेल सांगितलं, तर ड्रायव्हरने स्वच्छ चूक दाखवून थांबावं. न चालणाऱ्या इंटरफेसची चूक तासाभरात सापडते. खोटं सांगत चालणाऱ्या इंटरफेसची चूक शोधण्यात माणसांचे महिने जातात. जुन्या ड्रायव्हरला हात लावाल तेव्हा तो फायलिंकवर न्या, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये वेग, ड्युप्लेक्स, पॉज आणि विलंब सर्किटचा आराखडा समोर ठेवून लिहा. बोर्डावरच्या त्या तारा ज्याने आखल्या त्याला ही माहिती असते. ती त्याच्याकडून घेऊन कर्नलला खरीखुरी सांगणं हे आपलं काम आहे, आणि ते ड्रायव्हरच्या अंदाजावर सोडता येणार नाही.